कोपऱ्यातला काळा टाका

भाताचा फोटो काढून पोट भरतं, हे भोंगवलीच्या माझ्या चुलत्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी विचारलं, "पुतण्या काय करतो?" तर ते सांगायचे, "भोरला दुकान हाय त्याचं." भोरचं दुकान मी कधीच बंद केलं होतं. तिथे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम व्हायचे. नंतर शिवऱ्यात महामार्गाला लागून एक पत्र्याची शेड घेतली आणि माणसांचे फोटो काढणं सोडून वस्तूंचे काढायला लागलो. वस्तू डोळे मिटत नाही, पोट आत ओढत नाही आणि अल्बम हातात पडल्यावर 'मी एवढी काळी आहे का' असं विचारत नाही. हे सगळं वस्तूचा मालक करतो, हे मला पुढे कळलं.

धंदा काय आहे ते सांगतो, कारण आमच्या धंद्याबद्दल लोकांचा समज असा की वस्तू ठेवायची आणि बटण दाबायचं. मसाल्याचं पाकीट, पेंडीचं पोतं, लोणच्याची बरणी, कारखान्यातला गिअर, जे येईल त्याचा आधी पांढऱ्या पडद्यापुढे सरळ फोटो काढायचा. तो ऑनलाइन दुकानासाठी. मग त्याच वस्तूचा 'मूड'वाला फोटो. मग व्हिडिओ. पूर्वी व्हिडिओ आडवा असायचा. आता मोबाईलसाठी उभा लागतो, त्यामुळे माझं सगळं जग अरुंद झालं आहे. वस्तूवर उजेड कुठून पाडायचा, हे ठरवण्यात दिवस जातो आणि बटण दाबायला क्षण पुरतो. गिऱ्हाईक येतं ते नेमकं त्या क्षणाला आणि म्हणतं, "एवढंच? हे तर मोबाईलवर पण निघतं." मी म्हणतो, काढा. ते काढतात. पंधरा दिवसांनी परत येतात आणि त्या फोटोबद्दल अवाक्षर बोलत नाहीत.

या धंद्यात लबाडी आहे, ती कबूल. जाहिरातीतल्या आइस्क्रीमच्या जागी मी उकडलेला बटाटा कुस्करून ठेवला आहे, कारण दिव्यांखाली आइस्क्रीम टिकत नाही. थंड बाटलीवरचे थेंब ग्लिसरीनचे. गरम भाजीची वाफ म्हणजे वाटीमागे लपवलेला ओला, तापवलेला कापूस. पण माझा एक नियम होता आणि तो मी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो. वाफ खोटी चालेल, वस्तू खरी पाहिजे. डब्यात जे आहे तेच फोटोत. हा नियम ऐकून लोक मान डोलवायचे आणि लगेच तो कसा मोडता येईल ते विचारायचे. आपल्या भागातला एक इंद्रायणीवाला आला. त्याला भाताचा दाणा दाणा सुटा हवा होता. मी म्हटलं, "मालक, इंद्रायणी चिकट होते म्हणून तर लोक तिच्यावर जीव टाकतात. दाणा सुटा असता तर तिला इंद्रायणी कोण म्हणालं असतं?" तो म्हणाला, "मग फोटोपुरता बासमती घ्या की." मी त्याला चहा पाजला आणि रस्ता दाखवला. दुसरा एक नट-बोल्टवाला. त्याला व्हिडिओ पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. बोल्ट पाहून. मी विचारलं, कुणाच्या? तो म्हणाला, "पर्चेस मॅनेजरच्या."

हे लोक निदान आपला माल विकायला यायचे. गेल्या काही वर्षांत जे नवं गिऱ्हाईक आलंय ते दुसऱ्यांचं गाव विकतं. पुण्याहून मोठ्या गाडीतून येतं, पायात कोल्हापुरी आणि अंगात चुरगळलेला महागडा सुती सदरा. सगळं 'अस्सल' हवं असतं. वेल्ह्याकडे एखाद्या घरात मिक्सर असेल तर त्यावर फडकं टाकतात आणि शेजारी भाड्यानं आणलेलं जातं मांडतात. घरच्या बाईनं गाऊन घातला असेल तर तिला नऊवारी नेसवतात. तिला बिचारीला ती नेसता येत नाही, मग यूट्यूब लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावर उजेडही मीच पाडला आहे.

अनिकेत यातलाच. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव संस्कृत होतं आणि लिहिलेलं इंग्रजीत, एवढं पुरे. हा तिथला ब्रँड मॅनेजर. पोरगा सदाशिव पेठेतला, पण मराठी अशी बोलायचा की जणू ती त्याला कुणीतरी उसनी दिली आहे आणि संध्याकाळी परत करायची आहे. मला म्हणाला, "दादा, आम्हाला गोधडी करायचीय. म्हणजे लाँच. हाताने शिवणाऱ्या बायका आहेत का तुमच्या ओळखीत?"

ओळखीत शेवंताआक्का होती. आक्का आमच्या भोंगवलीची लेक, वेल्ह्याकडच्या एका वाडीत दिलेली. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. गरीब स्वभावाची वगैरे अजिबात नाही. भांडकुदळ, बोलायला फटकळ, आणि आपल्यासारखी गोधडी पंचक्रोशीत कुणाला शिवता येत नाही हे स्वतःच सांगणारी. दुर्दैवानं ते खरं होतं. मी अनिकेतला तिच्याकडे घेऊन गेलो. तिनं वाडीतल्या चार बायका जमवल्या, कंपनीनं कापड दिलं आणि उन्हाळाभर तिच्या अंगणात काम चाललं. जुनी लुगडी एकावर एक अंथरून कडेनं धावदोरा घालत मध्याकडे येत जायचं, ही आपली गोधडी. कंपनीनं दिलं नवं कोरं कापड. आक्का म्हणाली, "ह्ये कापड सुईला नाटाळ हाय. पर आमाला काय, तुमचं कापड, तुमची हौस."

गोधड्या झाल्या, पण अनिकेतला एकही पसंत पडेना. आमच्यात 'हिरो' म्हणून एक प्रकार असतो. शंभर बिस्किटांतलं एक निवडायचं, ज्याला टवका नाही, जे वाकडं नाही, आणि फोटो फक्त त्याचा काढायचा. अनिकेतला हिरो गोधडी सापडत नव्हती. मग त्याची नजर आक्काच्या खाटेवर गेली. तिथे तिची स्वतःची गोधडी घडी घालून ठेवली होती. तिच्या आईचं हिरवं इरकली लुगडं, सासूचं लाल, लेकीचा शाळेतला निळा परकर, सगळं वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं.

"ही," अनिकेत म्हणाला. "हीच."

"ही इकायची न्हाई," आक्का म्हणाली.

"विकत नाही हो आजी, फक्त फोटो."

"आजी कुनाची रं? तुजी? मला एकबी नातू न्हाई."

अनिकेत माझ्याकडे बघायला लागला. मीही गोधडीकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, मलाही तीच हवी होती. तिच्यावर बाजूनं उजेड पडला की काय दिसेल ते मला तिथेच दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, "आक्का, फोटोपुरती द्या. मी स्वतः परत आणून देतो."

तिनं गोधडी उचलली, छातीशी धरली, मग माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुज्या शब्दावर देते. त्येच्या न्हाई. आईचं लुगडं हाय त्येच्यात, ध्यानात ठिव."

शेडमध्ये मी ती दांडीवर ताणून टांगली आणि डावीकडून, अगदी कडेनं, एकच दिवा लावला. कापडावर समोरून उजेड टाकला तर ते पोस्टरसारखं सपाट दिसतं. कडेनं टाकला की प्रत्येक टाका उठतो, त्याच्या उजव्या अंगाला बारीक सावली पडते आणि न शिवणाऱ्या माणसालाही कळतं की इथे सुई आत गेली आणि इथे बाहेर आली. तो फोटो माझ्या आयुष्यातल्या बऱ्या फोटोंपैकी एक आहे. उगाच नम्रता दाखवण्यात अर्थ नाही.

पण त्यात उजव्या खालच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आला. मी शिव्या घातल्या. महामार्गालगतची धूळ कॅमेऱ्यात शिरते आणि आतल्या काचेवर बसली की प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. काच साफ केली. ठिपका तिथेच. लेन्स बदलली. तिथेच. शेवटी वैतागून फोटो मंदाकडे दिले. मंदा माझी बायको. फोटोंची साफसफाई कॉम्प्युटरवर तीच करते आणि माझ्यापेक्षा बरी करते. तिनं एकेका फोटोतून तो ठिपका पुसला. मग कशाला तरी तिनं एक फोटो अगदी मोठा करून बघितला आणि मला हाक मारली.

"ही धूळ आहे म्हणता?"

"मग काय आहे?"

"दोरा आहे. धुळीला गाठ मारता येते का?"

खरंच तो टाका होता. सगळी गोधडी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली आणि कोपऱ्यात एवढासा एकच टाका काळा. कंपनीसाठी शिवलेल्या गोधड्या उलगडून पाहिल्या तर त्यांच्याही कोपऱ्यात तोच. आक्काला फोन लावला.

"तीट हाय ती," आक्का म्हणाली. "चांगली वस्त उघड्यावर ठिवली की दिष्ट लागती. लेकराला लावतो का न्हाई कानामागं? भोंगवलीचा हायेस आन् तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं, कारण ती आक्काच्या घरातलीच रीत असावी. पण फोन स्पीकरवर होता आणि अनिकेत शेजारी उभा होता. त्याचा चेहरा असा उजळला की मला दिवा बंद करावासा वाटला.

"दादा, हीच तर स्टोरी आहे," तो म्हणाला. मंदानं इतक्या मेहनतीनं पुसलेला टाका आता परत हवा होता. तिनं परत घातला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला की टाका कोपऱ्यात आहे, दिसत नाही, तो मधोमध घ्या आणि मोठा करा. मंदा म्हणाली, "तीट कधी नाकावर लावतात का?" पण पैसे घेतलेले, तिनं माऊसनं उचलून तो मध्यावर ठेवला. मग त्यांनी फोटोची सगळ्यात मोठी फाइल मागितली, काठापासून काठापर्यंत, काहीही न कापता. मला वाटलं कुठेतरी मोठा फलक लावणार असतील. जरा छातीही फुगली. एवढ्या वर्षांत माझा फोटो एवढा मोठा कुणी लावला नव्हता.

गोधडी मात्र परत येईना. अनिकेतनं ती पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनाच्या स्टॉलवर मांडायला नेली होती, "दोन दिवस फक्त" म्हणून. मी फोन केला की तो म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे दादा." गोधडी प्रोसेसमध्ये असते म्हणजे काय, ती काय पासपोर्ट आहे? आक्का मला फोन करायची. आधी आठवड्याला, मग दिवसाआड. नुसतं म्हणायची, "थंडी पडाय लागली रं." एकदा ती एसटीनं नसरापूरला येऊन, तिथून वडापच्या जीपनं थेट शेडवर आली. दारातूनच आत नजर फिरवली, चहासुद्धा घेतला नाही. तिची चूक नव्हती. शब्द माझा होता. मला झोपताना माझी स्वतःची चादर टोचायला लागली. मधल्या काळात वाडीतल्या बायकांचं कामही थांबलं होतं. पुढची ऑर्डर 'होल्डवर' गेली होती, का ते कुणी सांगत नव्हतं.

ते मला एका सकाळी कळलं. शेडसमोर टेम्पो थांबला आणि खोकी उतरली. 'वारसा कलेक्शन', नव्या फोटोंसाठी आणि व्हिडिओसाठी; ऑनलाइन विक्री सुरूही झाली होती. मी एक खोकं उघडलं आणि वरची गोधडी झटकून टेबलावर पसरली. हिरवं इरकली, लाल, निळा परकर. क्षणभर वाटलं, आक्काचीच आली. मग दुसरं खोकं उघडलं. त्यातही हिरवं इरकली, लाल, निळा परकर. सगळ्याच खोक्यांत आक्काची आई, सासू आणि लेक.

मी हात फिरवला. गुळगुळीत. टाके होते, पण छापलेले. माझ्या फोटोचं कापड करून त्यात कृत्रिम कापूस भरला होता आणि मशीननं चार शिवणी मारल्या होत्या. प्रत्येक छापील टाक्याच्या उजव्या अंगाला बारीक सावली होती. ती सावली मी ओळखली. ती माझ्या दिव्याची होती. मधोमध काळा ठिपका, मंदानं ठेवला होता तिथेच.

मी आयुष्यभर खोटी वाफ काढली आणि नियमाच्या फुशारक्या मारल्या. इथे माझा सगळ्यात खरा फोटो घेऊन त्यांनी खोटी वस्तू बनवली होती. आता तिचा फोटो काढायला ती माझ्याकडेच पाठवली होती. मला इतका संताप आला की मी बराच वेळ बाहेर जाऊन ट्रक मोजत बसलो.

अनिकेतला व्हिडिओत आक्काचे हात हवे होते. सुरकुतलेले हात सुईनं शेवटचा काळा टाका घालताहेत, एवढंच. मी सांगितलं, हात येतील, पण आधी तिची गोधडी घेऊन ये. तो म्हणाला, "शुअर दादा." ठरल्या दिवशी आक्का आली, स्वतःची सुई आणि काळ्या दोऱ्याची रीळ पदराच्या गाठीला बांधून. तिला छापील मालाचं मी फोनवर सांगितलं नव्हतं. समोर बघूनच कळू दे, असं वाटलं.

कळायला वेळ लागला नाही. तिनं टेबलावरची एक गोधडी उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ह्ये कुनी क्येलं?"

"मशीनवर छापलंय आक्का. माझ्या फोटोवरून."

तिनं मधल्या ठिपक्यावर नख घासलं. नख घसरून गेलं. "हाताला लागंना," ती म्हणाली. मग अनिकेतकडे वळली. "माजी कुटं हाय?"

अनिकेतनं ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं गाडीतून एक पिशवी आणली, तिला रिबीन बांधलेली. अनिकेत हसत म्हणाला, "घ्या आजी, तुमची अमानत." आक्कानं रिबीन सोडली, गोधडी बाहेर काढली, कोपरा चिमटीत धरला आणि तिथेच टाकून दिली.

"ही माजी न्हाई."

"आजी, तीच आहे. बघा ना, सेम डिझाईन."

"आरं, आजी म्हनू नगंस मला. ही तुजी छापलेली हाय. कोपऱ्यात टाका कुटं हाय? आन् हिला वजान हाय का? माज्या गोदडीत तीन बायकांची कापडं हायेत."

अनिकेतनं ती उचलून टेबलावरच्या दुसरीच्या शेजारी धरली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. त्याला खरोखर कळत नव्हतं. त्याच्या कंपनीत ज्यांनी कुणी ही पिशवी भरली त्यांनाही कळलं नव्हतं. इतके महिने ज्या गोधडीच्या नावानं हे लोक डोळे मिटून 'वारसा, वारसा' म्हणत होते, ती समोर आली तर यातल्या एकालाही ओळखता आली नसती. तो फोनवर बोलायला बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. स्टॉलवरचा सगळा माल उठवून गोदामात पाठवला होता. त्यात ती मिसळली असावी. गोदामातला माल एव्हाना डिस्पॅच झाला असावा.

"मंजी?" आक्कानं मला विचारलं.

"म्हणजे गेली असेल कुणाच्या तरी घरी. विकून."

आक्का खुर्चीवर बसली. पदराच्या गाठीतली सुई आणि रीळ चाचपत राहिली. ते मला बघवेना. अनिकेतनं तिला पाणी आणून दिलं, तेवढी समज त्याला होती. मग हळूच म्हणाला, "आम्ही कॉम्पेन्सेट करू. पण आता लाइट वगैरे सेट आहे, तर आजी, आय मीन मावशी, एकच टाका घालून टाकता का? ह्या पीसवर? क्लोजअप घेतो."

आक्कानं त्याच्या हातातल्या गोधडीकडे बघितलं.

"ह्याला?" ती म्हणाली. "ह्याला कुनाची दिष्ट लागायची?"

मी दिवे बंद केले. अनिकेत म्हणाला, "दादा, त्यांना जरा समजवा ना." मी म्हटलं, मला त्यांचं म्हणणं समजलंय, तुला समजवायची माझ्यात ताकद नाही. त्या कंपनीचं काम पुन्हा मला आलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. व्हिडिओ त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतला. महामार्गावर त्याचा फलकही लागला. त्यावर कुणा नटीचे हात आहेत, नखं रंगवलेली, आणि तिनं सुई अशी धरली आहे जसं कुणी उदबत्ती धरतं. वाडीतल्या बायकांनी पुन्हा त्या कंपनीचं तोंड पाहिलं नाही. एका परीनं बरं झालं, असं म्हणायला सोपं जातं. त्यांना ते काम हवं होतं आणि ते गेलं. मला त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

त्या दिवशी अनिकेतची गाडी गेल्यावर मी आक्काला म्हटलं, "ज्या ऑनलाइन दुकानातून हे विकतात त्याचं गोदाम इथेच आहे, शिवऱ्यातच. जाऊन बघू." मला आशा नव्हती. पण तिला तशीच एसटीत बसवून द्यायचा धीर होईना. मंदा शेडला कुलूप लावून आमच्याबरोबर आली.

गोदामातला गणपत माझ्या ओळखीचा. त्याचे अधूनमधून पासपोर्ट फोटो मी अजून काढून देतो. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "गेलेली कुटं शोधनार भाऊ, गेली ती गेली. परत आलेला माल मातुर मागं पडलाय. तिकडं कोन बगत न्हाई. हवं तर बगा."

मागे प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता. लोकांनी परत पाठवलेल्या सगळ्या वस्तू एकत्र, चपला, तवे, पडदे, आणि त्यात ते 'वारसा कलेक्शन'ही बरंच. मी आणि मंदा पिशव्या फाडून कोपरे तपासायला लागलो. आक्का फाडत नव्हती. ती एकेक पिशवी हातात घ्यायची, जोखायची आणि बाजूला टाकायची. हलकी. हलकी. हलकी. गणपतसुद्धा येऊन बघत उभा राहिला.

मग एक पिशवी तिनं उचलली आणि टाकली नाही. खाली बसली. दातानं प्लास्टिक फाडलं, आत हात घालून चाचपत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे हात थांबला. तिनं गोधडी बाहेर ओढली, तोंडाला लावली आणि वास घेतला. मंदानं डोळे पुसले. मी पण पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"बगा, नशीब," गणपत म्हणाला. त्यानं पिशवीवरच्या कोडच्या चौकोनावर मोबाईल धरला. "मुंबईला गेली व्हती. गिऱ्हाइकानं परत लावलीया."

"का?" मी विचारलं.

त्यानं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. "माल फोटोप्रमाणे नाही. मधला ठिपका नाही. कापड जुनं. कोपऱ्यात काळा दोरा लागलेला आहे, डिफेक्टिव्ह पीस."

मी हसायला लागलो ते मला थांबवता येईना. जिचा फोटो काढला ती स्वतः फोटोसारखी नाही म्हणून परत आली होती. माझ्या सबंध धंद्याचा निकाल मला गोदामातल्या ढिगापाशी मिळाला. आक्का मात्र हसत नव्हती. ती गोधडीची घडी घालत होती, काळा टाका आतल्या बाजूला जाईल अशी.

"काय म्हनतुय त्यो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, "काळ्या टाक्यामुळं परत पाठवली, आक्का. त्यांना तो डाग वाटला."

आक्कानं घडी काखेत मारली आणि उठली.

"मग? त्यो घातलाय कशाला?"